शिळ्या कढीला ऊत?



आपल्या वस्तीतल्या कोणत्याही सभेला जाऊन बसा. सभा जयंतीची असो, विहाराच्या डागडुजीची असो, नाहीतर वर्षावासातल्या ग्रंथवाचनाची आखणी असो, तासाभरात एक वाक्य कानावर पडतेच. ‘तो विषय झाला आता. जुनं उकरून काढू नका.’ हे वाक्य म्हणणारा बहुधा घाईत असतो आणि ज्याला ते म्हटले जाते तो बहुधा गप्प खाली बसतो. सभा पुढे सरकते. कोणाला वाटते, बरे झाले, वेळ वाचला. कोणाच्या मनात मात्र काटा रुतून राहतो.

जुना विषय पुन्हा सभेपुढे आणावा की आणू नये, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. पण गेली काही वर्षे आमच्या मंडळाची इतिवृत्ताची वही आमच्याकडे आहे. ती सांभाळताना आम्हांला असे दिसून आले आहे, की माणसे मंडळाशी जोडली जातात किंवा मंडळापासून तुटतात, ती पुष्कळदा याच जागी. म्हणून या प्रश्नावर जरा शांतपणे बोलावे असे वाटले.

निमित्तही तसेच घडले. आमच्या मासिक सभेत एका तरुण सभासदाने सूचना मांडली, ‘एकदा ठराव झालेला विषय पुन्हा सभेपुढे घेऊ नये, असा नियमच करून टाकू.’ हा मुलगा उडाणटप्पू नव्हे. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत कामाला आहे. सकाळी सातच्या पाळीला त्याला हजर व्हावे लागते. आमच्या सभा माणसे जेवून आल्यावर रात्री नऊला सुरू होतात आणि जुन्याच विषयांत घोळ घालत बारा वाजवतात. तो म्हणाला, ‘दर सभेला त्याच त्या गोष्टी. नवी पोरं एकदा येत्यात आणि परत तोंड दाखवत न्हाईत. शिळ्या कढीला किती येळा ऊत आणायचा?’

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. ज्या घरात रोज तोच वाद, त्या घरात कोणी थांबत नाही. मोठमोठ्या सभागृहांनीही याचा विचार केलेला आहे. लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांनुसार, ज्या प्रश्नावर सभागृहाने निर्णय दिला तोच प्रश्न त्याच अधिवेशनात प्रस्ताव म्हणून पुन्हा मांडता येत नाही. एकदा निकाली निघालेला दिवाणी दावा त्याच पक्षकारांना पुन्हा चालवता येत नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत तसे कलमच आहे. ते नसते, तर धनदांडग्यांनी गरिबाला त्याच त्या दाव्यासाठी जन्मभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावल्या असत्या. ज्या वादाला शेवट नाही, तो वाद अखेर दुबळ्याच्याच अंगावर येतो. तेव्हा विषय कधीतरी संपला पाहिजे, हे मान्य करूनच पुढे बोलू.

सूचनेला दोन-तीन हात वर झाले. इतक्यात मागे भिंतीला टेकून बसलेल्या आक्का उठल्या. साठी उलटलेली बाई. चार घरची धुणीभांडी करून दोन लेकी शिकवल्या. त्या म्हणाल्या, ‘पोरा, कढी शिळी झाली म्हंतोस, पर आमच्या ताटात ती पडली कवा? शिळी व्हायला आदी वाढाय तर पायजे!’

सभा हसली. आक्का हसल्या नाहीत. त्यांचा विषय जुनाच होता. अठरा वर्षांपूर्वी मंडळाने ठराव केला होता, की विहारामागची खोली रोज संध्याकाळी सहा ते नऊ मुलींच्या अभ्यासासाठी मोकळी ठेवावी. आपल्या वस्तीतली घरे कशी असतात हे वाचकांना सांगायला नको. दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसे. एका कोपऱ्यात स्वयंपाक, दुसऱ्या कोपऱ्यात टीव्ही, मधे रडणारे लेकरू. मुलगा वही उचलून चौकातल्या दिव्याखाली जाऊन बसतो. मुलीने कोठे जावे? म्हणून तो ठराव टाळ्यांच्या गजरात झाला होता. पहिले काही महिने खोली उघडतही होती. मग जयंतीच्या मंडपाचे बांबू आणि स्पीकरची खोकी ‘चार दिवसांपुरती’ आत आली. ते चार दिवस काही संपले नाहीत. आक्कांच्या थोरलीची दहावी घरातल्या गोंगाटात गेली, धाकटीची बारावीही तशीच गेली. आता नात सहावीत आहे. वर्ष-दोन वर्षांनी आक्का हा विषय काढायच्या आणि उत्तर ठरलेले असायचे, ‘आक्का, त्याचा ठराव झालाय की!’

सगळी गोम या ‘ठराव झालाय की’मध्ये आहे. ठराव होणे म्हणजे काम होणे नव्हे. कचेरीत कारकुनी करणाऱ्याला हा फरक रोज दिसतो. अर्जावर ‘दप्तरी दाखल’ असा शेरा पडला, की कागदाच्या दृष्टीने विषय संपतो. अर्जदाराच्या दृष्टीने तो संपला की नाही, हे त्या शेऱ्यावरून कळत नाही. म्हणून तर स्मरणपत्र असते. स्मरणपत्रात वर ‘संदर्भ’ असे लिहून मागच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख घालतात. त्याचा अर्थ एवढाच, की साहेब, हा विषय नवा नाही. तो तुमच्या गठ्ठ्यात खाली पडलेला आहे, तो वर घ्या.

खाली पडलेला विषय वर घ्या! आपल्या चळवळीचा निम्मा इतिहास एवढ्यात मावेल, असे आम्हांस वाटते. महाडचेच पाहा.

२० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे आपल्या घरातले लहान मूलही सांगते. पण त्याआधीची हकीकत पुष्कळांना ठाऊक नसते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव होता. सप्टेंबर १९२३ मध्ये सरकारने आपल्या खात्यांना त्याप्रमाणे हुकूम काढले. महाडच्या नगरपालिकेनेही ५ जानेवारी १९२४ रोजी ठराव करून तळे खुले केले. म्हणजे कागदोपत्री सगळे झाले होते. मुंबईचा ठराव, सरकारचा हुकूम, गावचा ठराव! पण स्पृश्यांच्या दहशतीमुळे आपला माणूस तळ्याच्या काठाला जाऊ शकत नव्हता. तळ्याच्या पाण्याला ठराव वाचता येत नाही.

तेव्हा बोले गप्प बसले असते तर? ‘तो विषय झाला’ असे म्हणायला कौन्सिलात जागा होतीच. पण ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी तोच विषय पुन्हा सभागृहापुढे आणला आणि या वेळी त्यात एक नवी गोष्ट घातली. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे आधीचा ठराव अमलात आणणार नाहीत, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये, अशी शिफारस त्यांनी केली. आणि पुढच्याच मार्चमध्ये बाबासाहेब हजारोंच्या समुदायासह तळ्यावर गेले. कागदावर तीन वर्षे पडून राहिलेला हक्क त्या दिवशी ओंजळीत आला. त्या सत्याग्रहाला कोणी जुने उकरणे म्हणेल काय?

पण बंधूंनो, या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जुना विषय पुन्हा काढता येतो, हे आपल्यालाच कळले होते असे नाही, विरोधकांनाही कळले होते. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाडच्या नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव पुन्हा पटलावर घेतला आणि रद्द करून टाकला. बोले यांच्या पहिल्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. पुढे तळे खासगी मालकीचे आहे असे म्हणत स्पृश्यांनी दिवाणी दावा लावला, डिसेंबर १९२७ मध्ये तात्पुरता मनाई हुकूम मिळवला, आणि तो दावा खालच्या न्यायालयातून वरच्या न्यायालयात असा थेट १७ मार्च १९३७ पर्यंत चालला. त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की अस्पृश्यांना तळ्यावर मज्जाव करणारी अनादी रूढी असल्याचे सिद्ध झालेले नाही. एका तळ्याच्या पाण्यासाठी दहा वर्षे!

म्हणजे एकच हत्यार दोन्ही हातांत होते. बोले यांनी जुना विषय वर काढला तो हक्क मिळावा म्हणून. नगरपालिकेने वर काढला तो हक्क काढून घ्यावा म्हणून. मग ‘जुना विषय काढावाच’ किंवा ‘जुना विषय काढूच नये’ असा सरसकट नियम करून कसे चालेल? कसोटी दुसरी काहीतरी पाहिजे.

ती कसोटी शोधायला फार लांब जायला नको. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या आपल्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते, की भारताला लोकशाही नवी नाही. बुद्धाच्या भिक्खू संघात संसदेसारखे सगळे नियम होते. कोणी कोठे बसावे, प्रस्ताव कसा मांडावा, ठराव कसा व्हावा, गणसंख्या किती हवी, मतमोजणी कशी करावी, हे सर्व ठरलेले होते. आमच्या प्रश्नाचे उत्तर त्याच विनयात आहे, आणि ते इतके नेमके आहे की वाचून आम्ही थक्क झालो.

भिक्खूंच्या पातिमोक्खातील पाचित्तिय नावाच्या दोषांत त्रेसष्टावा दोष हाच आहे. धम्मानुसार मिटलेले प्रकरण पुन्हा चालवण्यासाठी जो भिक्खू जाणूनबुजून उकरतो, त्याला दोष लागतो आणि तो त्याला कबूल करावा लागतो. पालीत या उकरण्याला ‘उक्कोटन’ म्हणतात. आता आमचा तरुण मित्र म्हणेल, ‘बघा, तथागतांनीही तेच सांगितलंय!’ पण नीट पाहा. नियमात ‘मिटलेले प्रकरण’ एवढेच नाही, ‘धम्मानुसार मिटलेले प्रकरण’ असे आहे. दोष केव्हा लागत नाही, हेही तिथेच सांगितले आहे. तो निर्णय अधम्माने झाला असेल, अपुऱ्या संघाने घेतला असेल, किंवा ज्याच्यावर कारवाई व्हायला नको होती त्याच्यावर झाला असेल, आणि हे ओळखून भिक्खूने प्रकरण पुन्हा उघडले, तर त्याला दोष नाही.

या तीन कसोट्या आपल्या मंडळांना लावून पाहा. निर्णय न्यायाने झाला का? सगळे हजर असताना झाला का? योग्य माणसाविषयी झाला का? यांतली दुसरी कसोटी आम्हांला सर्वांत जास्त टोचते. रात्री नऊच्या सभेला आपल्या किती भगिनी येऊ शकतात? त्या वेळी त्या भांडी घासत असतात, नाहीतर लेकरांना झोपवत असतात. त्यांच्या गैरहजेरीत पाण्याच्या नळाची जागा ठरते, शौचालयाची जागा ठरते, सहलीचा आणि वर्गणीचा आकडा ठरतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोंड उघडले तर उत्तर तयार असते, ‘तो विषय झाला.’ कोणापुढे झाला? अर्ध्या संघापुढे! विनयात वाद मिटवण्याचे सात मार्ग सांगितले आहेत. त्यांतला पहिलाच संबंधितांच्या समोरासमोर निर्णय करण्याचा आहे. ज्यांचा प्रश्न, त्यांच्या पाठीमागे झालेला निर्णय हा संपलेला निर्णय नव्हे.

या तीन कसोट्यांत आम्ही आमच्याकडून चौथी घालतो. ठराव पाळला गेला का? पाळला गेला नसेल, तर तो विषय जुना नव्हे, चालूच आहे. तो उकरावा लागत नाही. त्याला मूठमातीच मिळालेली नसते.

आता उलट बाजूचे उदाहरण देतो, म्हणजे कोणाला वाटणार नाही की आम्ही एकाच बाजूने बोलत आहोत. त्याच वर्षी जयंती समितीच्या खजिनदारपदासाठी एका होतकरू मुलाचे नाव पुढे आले. लगेच एक गृहस्थ उठून म्हणाले, ‘ह्याच्या बापानं वीस वर्सापूर्वी वर्गणीचा हिशेब दिला न्हवता. तेवढं आदी मिटवा.’ मुलाचा चेहरा उतरला. वडील हयात नाहीत. तो काय उत्तर देणार? आम्ही पेटीतून त्या सालची वही काढली. पान सापडले. हिशेब सभेत वाचला गेला होता, दोन सभासदांनी पावत्या तपासल्या होत्या, शिल्लक पुढच्या समितीकडे जमा झाली होती आणि हिशेब एकमताने मंजूर झाला होता. खाली सह्या होत्या, आणि त्यांत आक्षेप घेणाऱ्या त्या गृहस्थांचीही सही होती! वहीचे ते पान सगळ्यांसमोर वाचले आणि तो विषय पाच मिनिटांत संपला.

याला म्हणतात उक्कोटन. सगळ्यांसमोर, पावत्यांसह, न्यायाने मिटलेला विषय एका पोराला खाली बसवण्यासाठी उकरणे. मनात सल दुसराच असतो, नाव जुन्या हिशेबाचे असते. अशा उकरण्याने किती मंडळे फुटली, एका वस्तीत दोन-दोन जयंत्या किती ठिकाणी झाल्या, हे वाचकांनी आपापल्या गावी पाहिलेच असेल.

पण इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्या वहीने आक्कांचा विषय उघडा ठेवला, त्याच वहीने त्या मुलाचा विषय बंद केला. दोघांनाही न्याय दिला तो लिहून ठेवलेल्या चार ओळींनी. ज्या मंडळात वही नाही, तिथे ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण खरी ठरते. आपण पिढ्यान् पिढ्या अक्षरापासून दूर ठेवलेली माणसे. आपल्याला हे जास्त कळले पाहिजे.

हीच गोष्ट घरात आणून पाहू. आपल्या संसारांत जुने विषय काय कमी निघतात? लग्नाला वीस वर्षे झाली तरी, ‘तुझ्या माहेरच्यांनी आमच्या आत्याचा मान केला न्हाई’ हे सणावाराला निघतेच. बौद्ध पद्धतीने लग्ने लावूनही मानपानाची ही अडगळ आपण अजून फेकलेली नाही. अशा गोष्टींसाठी विनयात एक सुंदर उपाय आहे. त्याला ‘तिणवत्थारक’ म्हणतात. तिण म्हणजे तृण, गवत. घाणीवर गवत पसरून ती झाकावी, तसे दोन्ही बाजूंनी किरकोळ अपराध एकदम झाकून टाकायचे आणि कोण काय बोलले याचा कीस काढत बसायचे नाही. नवराबायकोने, जावाजावांनी, सासू-सुनेने वर्षातून एकदा तरी असे गवत पसरावे. चांगली पौर्णिमा पाहावी आणि करून टाकावे.

मात्र त्या उपायालाही मर्यादा घातली आहे. गंभीर अपराध त्या गवताखाली झाकता येत नाहीत. आणि नेमके आपल्याकडे उलट घडते. मानपानाचा विषय वीस वर्षे जिवंत राहतो, आणि दारूच्या पायी मार खाणाऱ्या भगिनीला मात्र शेजारीपाजारी सांगतात, ‘झालं गेलं इसर, जुनं कशाला काढतीस?’ ते जुने कसे? हात काल उठला होता, आज उठला, उद्याही उठणार आहे. कधी जातपंचांसारखे चार जण बसवून ‘समज’ दिली जाते आणि विषय मिटला असे जाहीर होते. तिला कोणी विचारते का, की बाई, तुझ्यापुरता मिटला का? २००५ सालच्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने तिला दाद मागण्याचा हक्क दिला आहे, त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले आहेत. तिला घेऊन तिथवर जाणे हे कार्यकर्त्याचे काम आहे, गवत पसरणे नव्हे.

काही बंधू म्हणतील, की एखादा विषय किती दिवस धरून ठेवायचा? माणसाने कधीतरी थकावे की नाही? त्यांना आम्ही १९६४ ची आठवण देतो. त्या वर्षी ६ डिसेंबरला कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाचा देशव्यापी भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. मागण्यांत भूमिहीनांना जमीन ही मुख्य होती. त्याबरोबरच संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावावे आणि बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना सवलती मिळाव्यात, याही मागण्या होत्या. धर्मांतर करताच केंद्राच्या यादीतून आपले नाव जात होते. १९५० च्या आदेशात मुख्यतः हिंदू होते, १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला, बौद्ध बाहेरच राहिले. १९६४ नंतर सरकारे बदलली, मागणी करणारी पिढी म्हातारी झाली, कित्येक जण वारले. पण तो विषय कोणी दप्तरी दाखल होऊ दिला नाही. मोर्चात, निवेदनात, परिषदेच्या ठरावात, निवडणुकीच्या सभेत तो पुन्हा पुन्हा वर येत राहिला. एप्रिल १९९० मध्ये मध्यवर्ती सभागृहात तैलचित्र लागले, आणि त्याच वर्षी कायदा होऊन बौद्धांचा त्या आदेशात समावेश झाला. धम्मदीक्षेला तेव्हा चौतीस वर्षे होत होती. आज ज्यांची मुले रेल्वेत, पोस्टात, बँकेत राखीव जागेवर लागली आहेत, त्यांनी त्या चौतीस वर्षांच्या ‘शिळ्या कढी’चे उपकार मानावेत.

आणि एवढे मागेही जायला नको. आपल्या कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे खंडपीठ व्हावे, हा विषय चाळीस वर्षांहून अधिक काळ निघत होता. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या गरीब पक्षकाराला एका तारखेसाठी मुंबई गाठावी लागे. प्रवासखर्च, मुक्काम, दोन-तीन दिवसांची बुडालेली मजुरी, हे सगळे मोजून माणूस म्हणे, नको ते अपील. वकिलांनी धरणी धरली, २०१३ साली कित्येक दिवस कामकाज बंद ठेवले. ‘हे काय होणार नाही’ असे म्हणून हसणारेही पुष्कळ होते. अखेर १७ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झाले. उद्घाटन केले ते तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांनी. ते दिवंगत नेते रा. सु. गवई यांचे सुपुत्र, आणि देशाच्या त्या सर्वोच्च पदावर बसलेले पहिले बौद्ध. ज्या करवीरनगरीत राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, त्या नगरीत हे घडले. जुना विषय पुन्हा पुन्हा वर आणणाऱ्यांचे ते फळ होते.

मात्र या सगळ्यांची रीतही पाहा. त्यांनी नुसता गिल्ला केला नाही. बोले यांनी दुसऱ्या वेळी अनुदानाची नवी शिफारस आणली. प्रत्येक निवेदनात मागच्या निवेदनाचा दाखला असतो. आपल्या सभांत बहुधा याच्या उलट होते. विषय येतो तो अगदी शेवटी, ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय’ या सदरात, रात्री अकराला, जांभया देणाऱ्यांपुढे. मागे काय ठरले हे कोणी वाचत नाही. पहिल्यापासून सगळी कथा पुन्हा सुरू होते, आणि मग कंटाळलेला तरुण म्हणतो, नियमच करून टाका.

म्हणून आमच्या मंडळाने नियम केला, पण थोडा वेगळा. जो ठराव झाला आणि पाळला गेला, तो वर्षभर पुन्हा सभेपुढे येणार नाही. नवी माहिती असेल तर येईल, पण ती आधी लेखी द्यावी लागेल. ज्या ठरावाच्या वेळी ज्यांचा संबंध तेच हजर नव्हते, तो त्यांच्या मागणीवरून एकदा अवश्य पुन्हा घेतला जाईल. आणि जो ठराव झाला पण पाळला गेला नाही, तो कोणी काढण्याची वाट न पाहता, मागील इतिवृत्त कायम करताच दुसऱ्या क्रमांकावर वाचला जाईल. विषय नवा म्हणून लिहायचा नाही. जुन्या ठरावाचा क्रमांक आणि तारीख घालूनच लिहायचा, म्हणजे तो किती वर्षे खोळंबला हे पोराबाळांनाही दिसेल. शिवाय महिन्याआड एक सभा रविवारी दुपारी घ्यायची, भगिनींना येता यावे म्हणून.

या नियमाला अनुमोदन दिले ते त्याच फौंड्रीतल्या मुलाने. त्याची सभा आता साडेदहाला संपते. आक्कांच्या ठरावाचे म्हणाल, तर खोलीचे कुलूप उघडले आहे, नवी ट्यूब बसली आहे, सात मुली येऊन बसतात. मंडपाचे बांबू अजून निम्म्या खोलीत आहेत. त्यामुळे तो ठराव प्रत्येक सभेत दुसऱ्या क्रमांकावर वाचला जातो, आणि शेवटचा बांबू बाहेर पडेपर्यंत वाचला जाईल.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या गावच्या मंडळाची जुनी वही कोणाच्या तरी माळ्यावर, ट्रंकेत, जयंतीच्या सामानाखाली पडलेली असेल. या रविवारी ती खाली काढा. धूळ झटका. एकेक ठराव मोठ्याने वाचा आणि प्रत्येकापुढे एवढेच लिहा, ‘पाळला’ किंवा ‘पाळला नाही’. पाळलेल्यांना हात लावू नका. न पाळलेल्यांची यादी करा आणि पुढच्या सभेत ती वाचून दाखवा. कोणी म्हणेलच, शिळ्या कढीला ऊत आणताय. त्यांना आमच्या आक्कांचा प्रश्न विचारा, की बाबा, ती वाढली होतीस कधी?

जय भीम! नमो बुद्धाय!